सौ. केरबाई मोहिते, विटा

विट्याच्या पंचायत समितीतला हेडक्लार्क केरबा मोहिते यानं आयुष्यात संशोधन म्हणावं असं एकच काम केलं होतं. सगुणादेवी हेर्लेकर या नटीनं पडद्यावर किती वेळा प्राण सोडला, याची त्यानं मोजणी केली होती. एकोणीस चित्रपट, चौदा मरणं. त्यातली दोन विहिरीत, एक साप चावून आणि उरलेली अकरा बाजेवर, मुलाची वाट बघत. त्या अकराही वेळा मुलगा दारात पोचायला आणि आईची मान कलंडायला एकच गाठ पडायची. कधी मुलगा फौजेतून यायचा, कधी तुरुंगातून, एकदा तर नुसता शेजारच्या गावच्या बाजारातून. पण उशीर ठरलेला.

केरबाचं म्हणणं, हा योगायोग नव्हे. यामागं काहीतरी धोरण आहे आणि त्याचा खुलासा झाला पाहिजे. सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला खुलासा मागितल्याशिवाय चैन पडत नाही.

त्यामुळं १९७७ च्या डिसेंबरात सांगलीच्या कृष्णाकाठ फिल्म सोसायटीनं चित्रपट महोत्सव जाहीर केला, त्यात सगुणादेवींचा सत्कार आणि प्रकट मुलाखत ठेवली, आणि 'प्रतिनिधींना प्रश्न विचारता येतील' असं पत्रकात छापलं, तेव्हा ते पत्रक आपल्यासाठीच निघालंय याबद्दल केरबाला शंका उरली नाही. त्यानं प्रतिनिधीचा फॉर्म मागवला आणि हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात भरून पाठवला. नाव लिहिलं, केरबा ई. मोहिते. वडील ईश्वरा, म्हणून ई. या एका अक्षरानं पुढं काय केलं ते यथावकाश येईलच.

प्रश्न सुरुवातीला अर्ध्या पानाचा होता. तो शेजारच्या नानासोंना दाखवला ही चूक झाली. नानासोंची दोन्ही मुलं सोनं गाळायच्या धंद्यात, एक कलकत्त्याला नि एक मदुरेला. आणि स्वतः नानासोंनी कलकत्त्यात अकरा वर्षं काढलेली. त्यामुळं खानापूर तालुक्याबाहेरच्या कुठल्याही विषयात गल्लीत त्यांचा शब्द अखेरचा असे.

"लय बारका प्रश्न हाय गड्या," नानासो म्हणाले. "बारक्या प्रश्नाला बारकंच उत्तर मिळतंय. कलकत्त्यात सभेला माणूस उठला की अर्धा तास खाली बसत न्हाई."

मग प्रश्न वाढत वाढत चार फुलस्केप पानांचा झाला. कुठं थांबायचं, कुठं पाण्याचा घोट घ्यायचा, कुठं हशा होण्याचा संभव आहे, हे केरबानं समासात लाल शाईनं लिहून ठेवलं. नानासोंनी आपला कोटही देऊ केला. तो खांद्यात आखूड होता आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास होता, पण तो कलकत्त्याला शिवलेला होता. महिनाभर रोज संध्याकाळी परसात कोट घालून केरबाची तालीम चाले. बायको अंबूबाई तिथंच ज्वारी पाखडत असायची. पण श्रोते म्हणून त्यानं कोंबड्याच धरल्या होत्या.

प्रतिनिधीबरोबर एक माणूस फुकट नेता येत होता. अंबूबाई म्हणाली, "मी बी येते."

"तिथं परिसंवाद असतोय."

"असू द्या की. मी कुठं त्याला हात लावतेय."

तेव्हा शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं दोघं निघाली. वाटेत केरबानं तिला सूचना दिल्या. आपल्याआधी टाळी वाजवायची नाही. कोणी काही विचारलं तर नुसतं हसायचं. आणि लोकांत 'आवं' म्हणून मोठ्यानं हाक मारायची नाही. अंबूबाईनं सगळ्याला मान डोलावली आणि तासगाव येईतो झोप काढली.

थिएटरच्या दारावर स्वयंसेवक म्हणून रिटायर झालेले एक सुभेदार उभे होते. जालिंदर साळुंखे. छातीवर दोन मेडलं, हातात यादी. त्यांनी यादीवर टिचकी मारली आणि एक बिल्ला काढून अंबूबाईपुढं धरला. बिल्ल्यावर छापलं होतं, 'सौ. केरबाई मोहिते, विटा. प्रतिनिधी.' दुसरा बिल्ला केरबाच्या हातात ठेवला. त्यावर नाव नव्हतंच. नुसतं 'सोबत एक'.

केरबानं बिल्ला तीनदा वाचला, तेव्हा उलगडा झाला. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं 'केरबा' आणि 'ई' एकत्र केले होते. आणि ही बाई आहे हे दिसल्यावर, तिला उघडं नाव बरं दिसत नाही म्हणून कोणा भल्या माणसानं आधी 'सौ.' लावलं होतं.

"हे माझं आहे," केरबा म्हणाला.

सुभेदारांनी बिल्ल्याकडं बघितलं, मग केरबाच्या मिशीकडं. "इसमें सौभाग्यवती लिहिलंय."

"छपाईची चूक आहे. मी केरबा. ई म्हणजे ईश्वरा. माझे वडील."

"यात वडील कुठं दिसत नाहीत."

"मग दुरुस्त करून घ्या."

"दुरुस्ती कार्यवाह करतात. कार्यवाह मिरज स्टेशनला गेलेत, पाहुण्यांना आणायला. तोपर्यंत लिहिलंय तसं."

'लिहिलंय तसं' हे शब्द केरबाच्या ओळखीचे होते. गेली सत्तावीस वर्षं तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं तेच म्हणत आला होता. एका धोंडीबाला तर कागदावर घोंडीबा पडलंय म्हणून त्यानं चार खेपा घालायला लावल्या होत्या. तो धोंडीबा सांगलीत आज कुठं दिसत नव्हता एवढंच बरं होतं.

"बाई, आप आगे चला. पुढून दुसरी रांग," सुभेदार अदबीनं म्हणाले. "सोबतवाले ऊपर, बाल्कनीत."

अंबूबाईनं नवऱ्याकडं बघितलं.

"जा," केरबा म्हणाला. "पर बोलू नको."

बाल्कनीत सोबतच्यांची गर्दी होती. कोणाचे सासरे, कोणाचे ड्रायव्हर, कोणाची रडकी पोरं. केरबाला कठड्याजवळ जागा मिळाली. तिथून खाली अंबूबाईचं डोकं दिसत होतं. तिला गुलाबाचं फूल मिळालं होतं, छापील कार्यक्रम मिळाला होता आणि आता कोणीतरी चहा आणून देत होतं. बशीत ओतून प्यायच्या आधी तिनं वर वळून हात केला. केरबानं कार्यक्रमाकडं लक्ष असल्यासारखं केलं; कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता.

परिसंवादाचा विषय 'ग्रामीण चित्रपट: काल, आज आणि उद्या'. पहिल्या विद्वानांनी कालवर एक तास घेतला. दुसऱ्यांनी आजला हात घालण्याआधी कालमधल्या काही गोष्टी राहून गेल्याचं दाखवून दिलं. उद्यासाठी आलेले गृहस्थ घड्याळाकडं बघत बसले आणि त्यांच्या वाट्याला सात मिनिटं आली. केरबा ऐकत होता. त्याला मनापासून आवडत होतं. असं काहीतरी भारदस्त आपल्या जिल्ह्यात होतंय आणि आपण, वरून का होईना, त्यात आहोत, याचं त्याला बरं वाटत होतं.

तेवढ्यात अध्यक्षांना वाटलं, ग्रामीण चित्रपटावर एखाद्या ग्रामीण माणसाचंही मत घ्यावं. त्यांनी दुसऱ्या रांगेकडं बघितलं. "विट्याच्या प्रतिनिधी बाई आहेत ना? आपण काही सांगाल?"

अंबूबाई ठरल्याप्रमाणं हसली. ते हसणं अध्यक्षांना होकार वाटलं. माइक तिच्या हातात आला. तिनं वर बघितलं. केरबा दोन्ही हातांनी 'बस, बस' करत होता, पण कोटाच्या खांद्यामुळं हात पुरते खाली येत नव्हते आणि खालून ते 'ऊठ, ऊठ' असं दिसत होतं. ती उठली.

"मला त्यातलं काय कळत न्हाई," ती म्हणाली. "पर शिनिमात बाया पानी घेऊन येताना नाचत्यात. घागर रिकामी असती. मानंवरनं कळतंय. भरल्याली घागर डोक्यावर असली की बाई गाणं म्हणत न्हाई. पायाखाली बघून चालती."

सभागृहात टाळ्या पडल्या. कालवाल्या विद्वानांनी वहीत लिहून घेतलं. केरबाशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं कौतुकानं विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण?"

"मंडळी."

"मंजी तुमी त्यांच्या सोबत व्हय," म्हातारा म्हणाला आणि सरकून त्याला जरा जास्त जागा दिली. ती जागा केरबाला फार बोचली.

दुपारी प्रतिनिधींना मांडवात पंगत होती आणि सोबतच्यांना मागच्या अंगणात उप्पीट. केरबानं उप्पिटाकडं पाठ फिरवून कार्यवाहांना गाठलं. ते आता मिरजेहून आले होते आणि घामाघूम होते. त्यांनी सगळं सहानुभूतीनं ऐकलं.

"चूक झालीय खरी. बिल्ला बदलून देतो. एक अर्ज द्या, त्यावर प्रतिनिधीची सही हवी."

"मीच प्रतिनिधी."

"तुम्ही अर्ज केल्यानंतर व्हाल. सध्या केरबाई आहेत. त्यांनी लिहून द्यायचं की त्या केरबाई नाहीत."

अंबूबाई लगेच तयार झाली. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. तिनं जिभेचं टोक बाहेर काढून सावकाश सही केली, 'अंबूबाई केरबा मोहिते.' कार्यवाहांनी अर्ज बिल्ल्याशेजारी धरला आणि मान हलवली. सही जुळत नव्हती. तितक्यात श्रीखंड संपल्याचा निरोप आला आणि ते गेले ते गेलेच.

केरबा अंगणातल्या चाफ्याच्या पारावर जाऊन बसला. अंबूबाईनं कार्यक्रमपत्रिकेत गुंडाळून दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती.

"मला भूक न्हाई," तो म्हणाला.

"बरं," म्हणून तिनं पुडी पारावर ठेवली आणि मुद्दाम तोंड फिरवून गेटाबाहेरची रहदारी बघत बसली. ती परत वळली तेव्हा पुडी रिकामी होती. तिनं कागदाची घडी घातली.

"तुमचा प्रश्न माज्याकडं द्या," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मी वाचते."

"तुला जमायचं न्हाई. त्यात जोडाक्षरं हायत."

हे तो फार तुटकपणे बोलला. बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण घंटा झाली आणि ती आत गेली.

सगुणादेवी स्टेजवर आल्या तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं. साठीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या सुती लुगड्यातल्या बाई. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र लांब होतं. ते वाचून होईपर्यंत त्यांनी शालीच्या आड हळूच पायातली चप्पल काढून पाय मोकळे केले, हे बाल्कनीतून केरबाला नीट दिसलं. मग एका प्राध्यापकांनी मुलाखत घेतली. ते स्वतःच बरंच बोलले. शेवटी प्रतिनिधींच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून पाच जणांना प्रश्न विचारायची संधी द्यायचं ठरलं.

पहिली चिठ्ठी कराडच्या वकिलांची निघाली, दुसरी मिरजेच्या डॉक्टरांची.

"तिसऱ्या," प्राध्यापक म्हणाले, "सौ. केरबाई मोहिते, विटा."

केरबा ताडकन उठला. खिशातून चारही पानं काढून तो कठड्यावरून वाकला आणि अंबूबाईच्या दिशेनं हलवू लागला. कोटाची शिवण काखेत उसवली, हात झटकला गेला आणि पानं सुटली. एक पंख्याच्या वाऱ्यानं स्टेजकडं गेलं, एक कराडच्या वकिलांच्या टोपीवर बसलं, बाकीची दोन कुठं गेली ते दिसलंच नाही. केरबा जिन्यावरून धावत खाली आला. प्रतिनिधींच्या दारात सुभेदार आडवा हात घालून उभे होते.

"माझा प्रश्न आहे," केरबा धापा टाकत म्हणाला.

"शू:," सुभेदार म्हणाले. "बाई बोलतायत."

आणि खरंच अंबूबाई बोलत होती. हातात कागद नव्हता. दोन्ही हातांनी माइक ज्वारीच्या सुपासारखा धरून, समोर बघत, ती शब्द न् शब्द म्हणत होती.

"माननीय अध्यक्ष, सन्माननीय सगुणादेवी आणि रसिकजनहो. सदर प्रश्न सादर करण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी विशद करणे क्रमप्राप्त आहे. हितं थांबायचं."

ती थांबली.

"सगुणादेवींच्या एकोणीस चित्रपटांचे अवलोकन केले असता असे निदर्शनास येते की, चौदा ठिकाणी मृत्यू घडतो. हितं घोटभर पानी."

कोणीतरी तिला खरंच ग्लास दिला. ती घोटभर प्याली आणि पुढं म्हणू लागली. एकही जोडाक्षर अडलं नाही. शेजारच्या गावच्या बाजारातून येणाऱ्या मुलापाशी ती म्हणाली, "हितं हसतील," आणि आठशे माणसं हसली. केरबा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. कोंबड्यांच्या मागं, सुपाआड बसलेलं माणूस महिनाभर काय करत होतं ते त्याला आता कळत होतं.

"सबब प्रश्न असा की," अंबूबाई म्हणाली, "प्रत्येक वेळी मुलास उशीरच का होतो? आईस आणखी पाच मिनिटे देण्यास कोणती अडचण होती? याचा खुलासा व्हावा, ही विनंती."

तिथं प्रश्न संपत होता. समासात 'बसावे' असं लिहिलेलं होतं. अंबूबाई बसली नाही.

"हे त्येंनी लिवलेलं झालं," ती म्हणाली. "माज्या मालकांनी. कागदावर न्हाई ते एवढंच हाय की सासूबाई आटपाडीला वारल्या तवा हे विट्यासनं निघालं हुतं. भिवघाटात गाडी बंद पडली. चालत निघालं, धावलं. पोचलं तर नुकतंच झालं हुतं. चार वर्सं झाली. म्हनून इचारत्यात."

आणि मग ती बसली.

हे त्या दोघांनी घरातही कधी बोललेलं नव्हतं. त्या दिवशी आईजवळ धाकटा भाऊ हरिबा होता. आईचं डोकं मांडीवर घेऊन तो एवढंच म्हणाला होता, "आत्ता आलास व्हय." त्यात काय होतं, राग होता की नुसतं दुःख, हे केरबानं विचारलं नाही. दिवसकार्य उरकलं त्याच संध्याकाळी तो विट्याला परतला. त्यानंतर आटपाडीला कामानिमित्त दहादा गेला असेल, पण त्या घरात एक रात्र राहिला नाही. त्याऐवजी सगुणादेवीचे चित्रपट बघत राहिला, वही घेऊन.

सुभेदारांचा हात खाली आला होता. "मैं लद्दाखमें था," ते केरबाकडं न बघता म्हणाले. "तार आठ दिवसांनी मिळाली." आणि त्यांनी दार उघडून धरलं. "जाव."

केरबा आत जाऊन भिंतीपाशी उभा राहिला.

सगुणादेवींनी पाय पुन्हा चपलेत सरकवले. मग त्यांनी माइक जवळ ओढला.

"पहिल्यांदा मेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या, "आणि माझा मुलगा झालेला नट तीस वर्षांचा. त्याला उशीर का होतो ते मी दिग्दर्शकाला विचारलं होतं. तो म्हणाला, बाई, वेळेवर आला तर दोघांना बोलायला काय देऊ? मला लिहिता येत नाही."

लोक हसले. बाईंनी ते हसणं संपू दिलं.

"पण तुमच्या मालकांना दुसरंच विचारायचंय. मी सांगते मला ठाऊक आहे तेवढं. डोळे मिटून, श्वास धरून पडायचं असतं. धावत येणाऱ्याची पावलं कानाला ऐकू येण्याआधी बाजेतून पाठीला कळतात. अकरा वेळा मी ती ऐकली. इतक्या लांबून पळत आलाय, दमला असेल, कोणीतरी त्याला पाणी द्या, एवढंच मनात यायचं. मेलेली असल्यामुळं म्हणता यायचं नाही. उशिरा आला असं मला एकदाही वाटलं नाही." त्यांनी शाल खांद्यावर ओढली. "खऱ्या मरणाचं मी सांगू शकत नाही. तिकडं अजून गेलेली नाही मी."

या वेळी फार कोणी हसलं नाही. केरबानं कोटाच्या बाहीनं चेहरा पुसला; डांबरगोळीचा वास डोळ्यांत गेला आणि त्याचं पाणी थांबेना. अंबूबाईनं मागं वळून त्याला बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरचं आपलं गुलाबाचं फूल उचलून जागा करून दिली. त्या खुर्चीवर 'प्रतिनिधी' असं लिहिलेलं होतं. त्याला कोणी हटकलं नाही.

पाचच्या सुमाराला दोघं एस.टी. स्टँडवर आली. आटपाडीची गाडी लागली होती, विट्यावरून जाणारी. खिडकीजवळची जागा मिळाली.

"समासातलं वाचायचं नसतंय," गाडी सुटल्यावर केरबा म्हणाला. "ते आपल्यापुरतं असतंय."

"मला काय ठावं. तुमी रोज म्हनत हुता, मी म्हनलं."

"पन कुठं अडली न्हाईस."

अंबूबाईला ते आवडलं. तिनं पदर सारखा केला. माधवनगर मागं पडलं, उसाच्या गाड्या ओलांडत गाडी तासगावच्या रस्त्याला लागली. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला.

"कुठं?"

"दोन," केरबा म्हणाला, आणि पुढं काही बोलेना. कंडक्टरनं पंच वाजवला. अंबूबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिनं वळून बघितलं नाही.

"दोन कुठं, पाव्हणं?"

"आटपाडी."

तिकिटं घेऊन त्यानं वरच्या खिशात ठेवली. पुन्हा काढून बघितली. आटपाडीच होती. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "सांगावा न्हाई, काय न्हाई. हरिबाचं जेवण झालं असंल. पोचायला उशीर हुईल आपल्याला."

"हुईना का," अंबूबाई म्हणाली.